मामांचा आवाज

२ नोव्हेंबर, सोमवार

भूमिका मिळाली! नर्सिंग कॉलेजात, पेशंटची. म्हणजे पेशंट रबरी पुतळा आहे. खाटेवर पडून असतो, छाती वरखाली होते, पापण्या मिटतात, मनगटाला नाडीसुद्धा लागते. फक्त बोलता येत नाही. ते मी बोलायचं — शेजारच्या खोलीत काचेमागे बसून, मायक्रोफोनवर. मला मुली दिसतात, स्पीकरवर ऐकूही येतात, मुलींना मी दिसत नाही. चुका काय करायच्या त्या रबरावर करून घ्यायच्या, उद्या खऱ्या माणसावर नको. याला सिम्युलेशन म्हणतात. माझी जीभ वळत नाही, मी नाटकच म्हणतो.

टपालातली नोकरी सांभाळून तीस वर्षं हौशी नाटकं केली. पण तिथेही वाट्याला पडद्याआडचेच आवाज. भूत, मेलेले वडील, दाराबाहेरचा पाहुणा. हिला सांगितलं तर म्हणाली, चला, या वेळीही चेहरा लागत नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार

मुली पुतळ्याला मामा म्हणतात. मामांचे संवाद शिकवणाऱ्या मॅडमनी लिहिलेत — "पोटात दुखतंय. उजव्या बाजूला. काल उलटी झाली." बस्स! एवढ्यात माणूस उभा राहतो का? मी मामांना एक रुसलेला जावई दिला. पहिली मुलगी इतकी रंगली की सगळा वेळ जावयाची समजूत कशी घालायची तेच सांगत बसली. मामांचं पोट राहिलं बाजूला. मॅडम म्हणाल्या, "काका, जावई नको."

जावई कापला. कलेची कदर नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

एक मुलगी आहे, तोंडातल्या तोंडात बोलते. मी तिचं नाव पुटपुट ठेवलंय. इथला नियम असा — आधी आपण कोण ते सांगायचं, काय करणार ते सांगायचं, हात लावू का विचारायचं, मगच हात लावायचा. ही आली ती थेट मामांचं मनगट धरून उभी! मी ओरडलो, "अगं, विचारून तरी हात लाव!" ती दचकली, ट्रे खाली, सगळं जमिनीवर. नापास.

मॅडमनी नंतर सांगितलं, दुसऱ्यांदा नापास झाली. आणखी एकदा झाली की नाव कमी करून घरी. पास झाल्याशिवाय वॉर्डाचा गणवेश अंगावर चढत नाही.

फार वाईट वाटलं. बाहेर जिन्यावर डोळे पुसत बसली होती. चहा पाजला. तर म्हणते, रबराला काय विचारायचं, लाज वाटते. म्हटलं, मी तीस वर्षं अंधाराशी बोललोय. आधी भांड्याकुंड्यांशी बोल, भिंतीशी बोल, लाज आपोआप जाते.

१० नोव्हेंबर, मंगळवार

घरी कण्हण्याचा सराव. हळू, जोरात, थांबून थांबून. ही वैतागली. म्हणाली, "आता खरंच कण्हलात ना, तरी मी गॅसजवळून हलणार नाही."

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

लिफ्ट बंद. जिना चढून वर गेलो तर छाती भात्यासारखी. दम खायला न थांबता तसाच मायक्रोफोनवर बसलो. मॅडम खूष! आजचा दम अगदी खरा वाटला म्हणाल्या.

कला आतूनच यावी लागते.

१६ नोव्हेंबर, सोमवार

डाव्या जबड्यात कळा. दातांच्या डॉक्टरांनी सगळे दात ठोकून पाहिले. एकही दुखेना. हिला सांगितलं, तर — पुरे झालं, पानावर बसा.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

पुटपुट सुधारली! आता खुर्चीला विचारून बसते. मॅडमनी मधल्या सुट्टीत सराव करायला परवानगी दिली, मी डबा बाजूला ठेवून आवाज दिला. ती म्हणाली, "मामा, मी सिस्टर. तुमची नाडी बघायची आहे. हात लावू का?" स्पष्ट! मी म्हटलं, "लाव बाळा."

मग काचेमागे येऊन विचारते, काका, तुम्ही वाक्याच्या मध्येच का थांबता? म्हटलं, यालाच अभिनय म्हणतात. तिला काही पटलं नाही. गेल्या आठवड्यात थांबत नव्हतात म्हणाली. पोरीला कान आहे, पण नाटकातलं कळत नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार

उद्या तिची परीक्षा. मलाच धडधडतंय. डावा हात जड झालाय. मायक्रोफोन धरून धरून असेल.

२३ नोव्हेंबर, सोमवार

आज पेन्सिल हातात दिली. पडून लिहितोय. खाट हॉस्पिटलची.

परीक्षेच्या दिवशी मॅडम आणि बाहेरून आलेले परीक्षक मामांच्या खोलीत कोपऱ्यात उभे होते. काचेमागे मी एकटा. पुटपुटनं सुरुवात अशी केली की स्पीकर नसता तरी ऐकू आलं असतं. हात लावू का विचारलं. कुठं दुखतंय विचारलं. मी म्हणायचं होतं, पोटात, उजव्या बाजूला. तोंडून निघालं, "जबडा... हात..." पुढचं वाक्य आहे हे माहीत होतं, पण श्वास पुरेना. अंग घामानं भिजलेलं. मॅडमच्या कपाळाला आठ्या. त्यांना वाटलं, म्हातारा पुन्हा जावई आणतोय.

पुटपुटनं मामांचा हात खाली ठेवला. काचेकडे पाहिलं. म्हणाली, "हे मामांचं दुखणं नाही. हे काकांचं आहे."

मॅडम म्हणाल्या, पेशंटला सोडून खोलीबाहेर गेलीस तर नापास, माहीत आहे ना?

"माहीत आहे," म्हणाली आणि गेली.

काचेमागचं दार उघडलं. न विचारता माझं मनगट धरलं. मग स्ट्रेचरसाठी अशी हाक मारली की मजला हलला. मी म्हणत होतो, अगं, तुझी परीक्षा... ती म्हणाली, "काका, बोलू नका." आणि मी चक्क गप्प बसलो.

हृदयाचा झटका. डॉक्टर म्हणतात, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. ही दिवसभर उशाशी असते. मी घसा खाकरला तरी बेल दाबते. गॅसजवळून हलणार नाही म्हणाली होती, ते आठवून रडते. मी म्हटलं, चूक माझी, सराव जरा जास्तच झाला.

पण पोरीचं काय झालं? परीक्षकांनी तिथल्या तिथे नापास लिहिलं म्हणे. मॅडम तिच्यासाठी कुणाकुणाकडे खेटे घालताहेत. जीव माझा वाचला आणि घरी ती जाणार. सहन होत नाही.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी डोळे मिटून पडलो होतो. कानाशी खणखणीत आवाज आला, "काका, मी सिस्टर. तुमची नाडी बघायची आहे. हात लावू का?" डोळे उघडले. पुटपुट! अंगावर वॉर्डाचा गणवेश!

माझं वाक्य होतं — लाव बाळा. ते राहिलंच. ढसाढसा रडलो.

हिनं बेल दाबली.