साडेचार गोलांनी

रविवार, ३१ ऑगस्ट
माझी बायको मुक्ता इथल्या जर्मन गावच्या महिला फुटबॉल टीमची गोलकीपर झाली. वय एकोणचाळीस. टीम दर रविवारी हरते, त्यामुळे कोण जिंकणार हे ओळखण्यात मजा नाही. म्हणून कॅप्टनचा नवरा येन्स मॅचआधी एक आकडा सांगतो. आज साडेचार. आपल्या बायका साडेचारपेक्षा जास्त गोलांनी हरतील की कमी? आम्ही सहा नवरे बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर उत्तर आणि नाव लिहून त्याच्या डब्यात टाकतो. पैसे नाहीत, निव्वळ टाइमपास. कोणी काय लिहिलं ते नोव्हेंबरमध्ये कळणार; ज्याचे सर्वाधिक बरोबर, त्याला कप.
मी लिहिलं 'जास्त'. सात-शून्यने हरल्या. पंधरा वर्षं गाड्यांचं ब्रेक टेस्टिंग उगीच नाही केलं.

सोमवार, १ सप्टेंबर
एक्सेल शीट केली. वारा, मैदानाचा उतार, मुक्ताची झोप. संकल्प: भावनेला थारा द्यायचा नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर
मुक्ता म्हणाली, बागेत चल, मला दहा-वीस शॉट मार, सराव होईल. पाठ दुखतेय म्हणून सांगितलं. खरं म्हणजे सरावाने तिचा खेळ सुधारला तर माझा सगळा डेटा बिघडेल. शेजारच्या आजोबांना घेऊन गेली. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत.

शनिवार, २७ सप्टेंबर, रात्री ८
तिचं मनगट सुजलंय. कोचला सांगू नकोस, बाहेर बसवेल, म्हणाली. क्रेप बँडेज मीच बांधलं. नीट बांधलं.

रविवार, २८ सप्टेंबर
आकडा साडेतीन. मी 'जास्त'. सहा-शून्य. मनगटाचा विचार केला नाही असं नाही. पण ही माहिती मला निरीक्षक म्हणून मिळाली, नवरा म्हणून नव्हे. येन्सची बायको डिफेंडर. तो आकडा सांगतो आणि मॅचभर घसा बसेपर्यंत ओरडतो. तर मग, अशा माणसाला अंदाज कसा जमणार?

रविवार, १९ ऑक्टोबर
आकडा साडेचार. शेवटच्या मिनिटापर्यंत चार-शून्य. मग पाचवा गोल मुक्ताच्या पायांमधून गेला आणि मी टाळी वाजवली. एकच, पण मोठी. मुक्ताने वळून पाहिलं. गाडीत तिला म्हणालो, हात गारठले होते. चौदा डिग्री होतं. ती "बरं" म्हणाली.
लाज वाटतेय. संकल्प: एकदा तरी 'कमी' लिहायचं.

रविवार, ९ नोव्हेंबर
'जास्त' लिहिलं. अजून मी पुढे असणार, उगीच कशाला? बरोबर आलं.

रविवार, २३ नोव्हेंबर, रात्री ११
हिवाळी सुट्टीआधीची शेवटची मॅच. एक-एक. मुक्ताने पेनल्टी अडवली. सगळे नवरे उड्या मारत होते. मीही उभा राहिलो, पण जरा उशिरा.
संध्याकाळी क्लबमध्ये येन्सने डबा उघडला. मी अकरापैकी नऊ बरोबर, पहिला नंबर. मग त्याने सगळ्यांसमोर पुठ्ठे वाचायला घेतले. त्याचे सगळे 'कमी'. दुसऱ्याचे 'कमी'. पाचही जणांचे, प्रत्येक रविवारी, 'कमी'. सात-शून्यच्या रविवारीसुद्धा. माझे अकरा 'जास्त'. मला वाटलं होतं, यांना गणित येत नाही.
कप गोलकीपरने द्यायचा अशी पद्धत आहे.
मुक्ताने कप दिला. मराठीत म्हणाली, "घे. तुझं बरोबर होतं."
मी म्हणालो, अगं, नुसती मजा होती.
"हो ना. त्यांचीही मजाच होती."
घरी येताना गाडी तिने चालवली. कप माझ्या मांडीवर होता.
पहिला आलो. स्पर्धेत दुसरं कोणी नव्हतंच.