दोनदा घातलेलं दही

अहो, मी बोलतेय. आवाज ओळखला नसेल तर नवल नाही. रायफलीचा नंबर तुम्हाला झोपेतही पाठ, आणि कोथिंबीर आणायला पाठवलं तर पिशवीसुद्धा बाजारात विसरून यायचात. मला लिहिता येत नाही, हे तरी आठवतंय ना? आज तुमची नात लिहून घेतेय. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. बोलताना कपाळाला तुमच्यासारखीच आठी पडते. फौजेत कॅप्टन आहे, आणि दुपारी ती निघणार आहे. समुद्रापलीकडे, आफ्रिकेत कुठंतरी, शांती राखायला. अगदी हेच शब्द. तुम्हीही लंकेत शांती राखायलाच गेला होतात. शांती राखायला गेलेला माणूस मरतो कसा, हे मी बातमी घेऊन दारात आलेल्या साहेबांना विचारलं होतं.

तुम्ही निघालात तो दिवस मला पुन्हा पुन्हा दिसतो. मी तुमच्या तळहातावर दही घालते, तुम्ही ते खाता, ट्रंक रिक्षात चढते. कोपऱ्यावरून रिक्षा परत फिरते. गूळ-कणकेच्या सुखडीचा डबा ओट्यावरच राहिलेला. विसरणार नाही तर तुम्ही कसले! गाडी सुटेल म्हणून रिक्षावाला बाहेरून ओरडतोय, "साहेब, गाडी छूटी जशे." वाटेतून परतलेल्या माणसानं घडीभर बसावं, घोटभर पाणी प्यावं आणि पुन्हा दही घेऊन निघावं, ही आपल्या घरची रीत. तुम्ही बुटांसकट पाटावर बसलात, हात पुढे केलात आणि म्हणालात, "आता दुप्पट सुखरूप येणार बघ." मी दुसऱ्यांदा दही घातलं. तुमच्याऐवजी कलश आला. सामानात तो डबाही होता, लखलखीत घासलेला, आत मूठभर साखर. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तुमच्या कंपनीतल्या कुणाला तरी तिथंही सुचलं. ती साखर मी चहातही घातली नाही. मुंग्यांनी नेली.

तेव्हापासून मी कुणाच्या हातावर दही घातलं नाही. मुलाच्या परीक्षा गेल्या, त्याची नोकरी लागली, बडोद्यातच दोन घरं बदलली. मांजलपूरचं हे घर तर तुम्हाला सापडायचंही नाही, वर यायला लिफ्ट आहे. सून आली आणि दह्याची वाटी तिच्याकडे गेली. ही पोरगी ट्रेनिंगला निघाली तेव्हाही मी गुडघ्यांचं निमित्त करून आतच बसले होते. पण आज ती अडून बसली. माझ्या हातचंच हवं म्हणते, नाहीतर तशीच जाईन. मी म्हटलं, माझ्या हाताला गुण नाही. तर माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "आजी, आजोबांना दोनदा मिळालं. मला एकदा तरी दे."

मी म्हटलं, कागद आण, आधी त्यांना पत्र लिही. वेळ काढत होते, दुसरं काय. टॅक्सी निघाल्याचं तिच्या फोनवर आलंय. सून आतबाहेर करतेय, मला घाई करायची तिची हिंमत नाही. मी बोलायची थांबले की ही पेन थांबवून माझ्याकडे बघते. लिही गं, माझ्या तोंडाकडे काय बघतेस?

हे पत्र टाकायचं कुठं? तुमचा पत्ता आता फौजेलाही ठाऊक नाही. राहील माझ्या कपाटात, साड्यांखाली. तेवढ्यात एक सांगते, हसू नका. काल रात्री दूध मीच विरजलं. सुनेला म्हटलं, कढीसाठी. सकाळी झाकण काढून पाहिलं, छान घट्ट लागलंय. म्हणजे हात घाबरला होता, तरी त्याचं आधीच ठरलेलं होतं.

झालं, पोरी. ठेव ते पेन आणि उजवा हात पुढे कर. आणि आईला सांग, सकाळी केलेली सुखडी आजोबांच्याच डब्यात भर म्हणावं. हात आखडू नको, तुकडे भरपूर घाल, तिथल्या सगळ्यांना पुरले पाहिजेत. डबा मात्र तू स्वतःच्या हातानं परत आणायचास. रिकामा आणलास तरी चालेल.