तळ्याच्या मधोमध माझं शिल्प

४ मार्च
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. तरी अक्षर नीट काढायचं, मोठ्या कलावंतांच्या रोजनिश्या मागाहून छापतात.
शिल्प पूर्ण झालं. नाव: ‘गती, निसर्ग आणि बांधकाम’. साहित्य: पवनचक्कीची पाती, बर्चच्या फांद्या, हरणाची शिंगं, वॉशिंग मशिनचा ड्रम, जाळीचं दार आणि घटस्फोटानंतर मार्लिस न्यायला विसरली ती सगळी पातेली. वारा आला की पाती फिरतात, दार उघडतं-मिटतं, पातेली वाजतात. जन्मभर काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला मी. गती, निसर्ग, बांधकाम, तिन्हींचा एवढा अनुभव अख्ख्या मिनेसोटात कोणाला असेल?

९ मार्च
ड्वेन आला. फायर ब्रिगेडचा कॅप्टन, एरवी गळ आणि गांडुळं विकतो. म्हणाला, तुझं ते काय आहे ते तळ्याच्या मधोमध बर्फावर ठेवू या. दरवर्षी तिथे भंगार गाडी ठेवतात आणि बर्फ वितळून ती कुठल्या दिवशी बुडेल यावर गाव पैजा लावतं. यंदा गाडीला बंदी आली, तेल गळतं म्हणून. बरं झालं. ती जागा एकदाची कलेला मिळाली.
ड्वेनने स्वतः ट्रकने ओढून नेलं. केबलही बांधली, नंतर बाहेर काढायला. फायर ब्रिगेडला कलेची एवढी कदर असेल असं वाटलं नव्हतं.

१५ मार्च
वारा नाही. दार एकदा हललं, बहुतेक.
कॅफेवाली लवॉन म्हणाली, वेगळंच आहे हं. कॉफी ओतताना पुन्हा म्हणाली, वेगळंच आहे. बाकीचे वजन किती, वजन किती विचारत होते. जाणकार गाव आहे.

२ एप्रिल
किनाऱ्यावर गर्दी! लोक दुर्बिणी घेऊन येतात. ड्वेन पिवळी तिकिटं विकतोय. मी विचारलं नाही, फायर ब्रिगेड सदान्‌कदा काहीतरी विकतच असते. कलेला तिकीट लावलं तर लावू देत.
रात्री पुन्हा ट्यूना हॉटडिश, मासा आणि शेवया एकत्र भाजलेला. दोघांपुरता करायची सवय जात नाही, मग चार दिवस तेच खात बसतो.

७ एप्रिल
मार्लिस आली!! मला वाटलंच होतं. कधी ना कधी येणार.
पातेली ओळखली तिने. मग म्हणाली, अरे ऑरिन, तुला खरंच कळलं नाही, का न कळल्याचं सोंग करतोयस? लोक तुझं शिल्प बघायला नाही येत, ते बुडायची वाट बघतायत. आणि तिच्याही हातात पिवळं तिकीट. त्यावर तिच्या पैजेची तारीख, १८ एप्रिल. जिंकले तर तिकडे वाळवंटात, टूसॉनला बहिणीकडे जाईन म्हणाली. कायमची. इथली थंडी पुरे झाली.
मी हसलो. घरी येऊन बुटांसकट पलंगावर पडलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

८ एप्रिल
नीट विचार केला. हल्लीच्या कलेत प्रेक्षकांचा सहभाग लागतो. इथे अख्खं गाव सहभागी आहे. मला राग मुळीच नाही.
संकल्प: मार्लिस जिंकता कामा नये. माझ्यासाठी नव्हे. टूसॉनचं ऊन तिला सोसणार नाही.

१८ एप्रिल, सकाळ
धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. किनाऱ्यावर मी एकटाच. एकदम सगळी पातेली खणाणली, मग गुडगुड, मग काहीच नाही. गेलं. टोपी काढून उभा राहिलो.
नेमकी १८च! मार्लिसची तारीख!
तेवढ्यात मागून मार्लिसच आली, थर्मास घेऊन. म्हणाली, अजून आहे का रे? मी म्हटलं, आहे की, अगदी डौलात उभं आहे. तिने माझ्या हातातल्या टोपीकडे बघितलं. मग कॉफी ओतली. तिच्या गुडघ्याबद्दल बोलली. मी माझ्या पाठीबद्दल बोललो. फार छान गेली सकाळ.

१९ एप्रिल
धुकं तसंच, देवाची कृपा. गाव पाळीपाळीने येऊन गेलं. लवॉनने लिंबाच्या वड्या आणल्या. प्रत्येक जण विचारतो, अजून आहे ना? मी सांगतो, आहे. दार कसं हलतंय तेही सांगितलं. कोणाला संशय नाही. निवृत्तीनंतर इतकी माणसं माझ्याशी कधी बोलली नव्हती.
हे खोटं नाही. शिल्प आता कल्पनेच्या पातळीवर आहे.

२० एप्रिल
धुकं. मार्लिस पुन्हा आली. पुन्हा विचारलं, पुन्हा मी आहे म्हटलं. जाताना म्हणाली, थर्मास राहू दे तुझ्याकडेच. चांगलं लक्षण आहे. उद्या परत येणार म्हणूनच ना?

२१ एप्रिल
ती आली नाही. गुडघा दुखत असेल.
उद्या धुकं जाणार म्हणे रेडिओवर. ठरवलं: ड्वेनला खरं सांगायचं. माझ्या एका शब्दावर मार्लिस जिंकेल. एवढा त्याग केल्यावर कोण सोडून जातं? शर्टाला इस्त्री केली.

२२ एप्रिल
स्वच्छ ऊन. तळं मोकळं. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही.
ड्वेनच्या दुकानात गेलो आणि ठणकावून सांगितलं, अठरालाच बुडालं, मार्लिस जिंकली, मी साक्षीदार आहे. तो गांडुळं निवडत होता. म्हणाला, ठाऊक आहे रे. पातेल्यांचा आवाज बँकेपर्यंत आला होता. तिला पैसे त्याच संध्याकाळी दिले. काल गेलीसुद्धा ती टूसॉनला. तुला सांगितलं नाही तिने?
मी म्हटलं, मग तुम्ही सगळे रोज येऊन विचारत का होतात?
ड्वेनने मान वर केली नाही. म्हणाला, धुक्यात एकटाच उभा होतास रे.
मग म्हणाला, शनिवारी केबलने ते बाहेर ओढू, ट्रेलर घेऊन ये.
मी म्हटलं, बघतो. शनिवारी जरा कामात आहे.