दुखली की कळव

४ मार्च
ती. ताईस, शि. सा. न.
पत्रास कारण की, कापड पोचलं असेल. या वेळी ड्रेस डावीकडे जरा सैल ठेव. छातीत एक गाठ हाताला लागतेय, वाटाण्याएवढी. दुखत मात्र मुळीच नाही. आमच्या वाचनालयातल्या बाई ‘डॉक्टरांना दाखव’ म्हणून मागेच लागल्यात. तू सांगशील तसं करीन. मायेचा हात असाच राहू दे.
तुझी बुटकी

११ मार्च
चि. बुटकीस, अ. उ. आ.
मुंगी चावली तरी घर डोक्यावर घ्यायचीस, तीच तू! अगं, आमच्या धंद्यात गाठ मारली नाही तर शिवण सुटते. एवढ्यातेवढ्याला डॉक्टरकडे गेलं की ते काहीतरी काढतातच, मग गावभर बोभाटा. शेजारणीच्या सासूला कॅन्सर होता, ती रात्रंदिवस विव्हळायची. तुझी दुखत नाही, म्हणजे काही नाही. दुखली की कळव. डावीकडे चांगलं सैल सोडलंय. लोभ आहे म्हणून रागावते, समजून घे.
तुझी ताई

६ सप्टेंबर
ती. ताईस, शि. सा. न.
दुखायला लागली, म्हणून तुझ्या आज्ञेप्रमाणे डॉक्टरांकडे गेले. इतके दिवस काय करत होतात, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, दुखायची वाट बघत होते. ते म्हणाले, अशा गाठी सुरुवातीला बहुधा दुखतच नाहीत, दुखत नसली तरी लगेच दाखवायची असते. मार्चमध्ये आले असते तर पुष्कळ करता आलं असतं. आता कॅन्सर हाडांत उतरलाय. तुझा ड्रेस सगळीकडूनच सैल होतोय.
बुटकी

१३ सप्टेंबर
चि. बुटकीस, अ. उ. आ.
पत्र वाचलं. पण मी काय डॉक्टर आहे? शिंपिणीचं बोलणं इतकं मनावर घ्यायचं असतं का? तू तर पुस्तकांत वावरणारी. कुणाला सांगू नकोस तेवढं, माझ्या लेकीचं लग्न ठरतंय. दुसरं असं की, काल अंघोळ करताना माझ्याही काखेत एक लागली. दुखत नाही. मला फार भीती वाटतेय गं. तुझ्या डॉक्टरांचा पत्ता उलटटपाली पाठव. बहिणीवरची माया कमी करू नकोस.
ताई

२० सप्टेंबर
ती. ताईस, शि. सा. न.
कुणालाही सांगितलं नाही, बोभाटा नको. पत्ता आहे माझ्याकडे, पण एवढ्यातेवढ्याला कशाला हवा? गाठ असली की शिवण सुटत नाही. दुखली की कळव.
माझा लोभ आहेच, तुझा माझ्यावर होता तेवढाच.
बुटकी