हातानंच आवळलेला नट

भोसरी,
ता. ३ मे १९७४

दादा,

नमस्कार मागाहून करतो, आधी भांडण. तू परत तेच लिहिलंस, खंड्याच्या पायाला भिंगरी हाय, तो कुठं टिकायचा न्हाई. कऱ्हाडचा छापखाना सोडला तेव्हा मालकानं तीन महिने पगार दिला नव्हता, हे तुला ठाऊक आहे. चिंचवडला तर कारखान्यालाच कुलूप लागलं. तरी तुझ्या तोंडी भिंगरीच. तुझ्या गिरणीत पीठ जाड आलं की पट्टा सैल झालेला असतो, आणि मी कुठून निघालो की माझा स्वभावच तसा. हे बरं हाय राव तुझं.

तर इथं टिकलोय. चौदा महिने झाले. वहिनीला म्हणावं अंगावर मांस धरलंय. शालनबाईंच्या खानावळीत भाकरी मोठी मिळते, कालवण तेवढं पातळ. खोंडाचा पाय बरा झाला का ते कळव.

सुट्टीच्या दिवशी खानावळ बंद असते, तेव्हा कुणाकडं जेवतोस, असं तू दोनदा विचारलंस. मी दोनदा टाळलं. भिवाकडं जेवतो, पिंपरीला. भिवा बौद्ध आहे. त्याची आई गिरजाबाई वाढते, मी जेवतो. जवसाची चटणी तर आपल्या आईच्या हातची वाटावी. झालं, लिहून टाकलं.

भिवा आणि मी एकाच मशीनवर. सकाळची शिफ्ट माझी, दुपारी तीनपासून त्याची. मशीनला एक स्टॉपर असतो. तो हत्याराला ठरल्या जागी अडवतो, म्हणजे प्रत्येक जॉब, तो लोखंडाचा तुकडा, सारखा कापला जातो. स्टॉपर हलवला तर त्याचा नट पान्यानं आवळायचा आणि जाताना पुढच्याला सांगून जायचं. हा आमच्याकडचा रिवाज, लिहिलेला कुठं नाही.

गेल्या महिन्यात भिवाच्या शिफ्टला बहात्तर जॉब वाया गेले. पहिला त्यानं माप तपासायचं गेज लावून बघितला होता, बरोबर होता. पुढं माप जरा जरा करत सरकत गेलं. दुसऱ्या दिवशी दौलतराव फोरमननी सगळ्यांदेखत धरला. "लक्ष कुठं होतं तुझं? मंडपात?" जयंती तीन दिवसांवर आली होती. भिवाला मशीनवरून काढून लोखंडाचा चुरा झाडायला लावलं आणि चाळीस रुपये पगारातून कापायचे ठरले. तो एवढंच म्हणाला, "साहेब, पहिला जॉब तपासला होता." कुणी ऐकलं नाही.

आता माझं ऐक. फेब्रुवारीत मी तीस जॉब घालवले होते. तेव्हा हेच दौलतराव म्हणाले, "हत्यार बोथट झालं असणार. शेतकऱ्याचं पोर आहे, कामात कसूर नाही करायचं." हत्यार नवं कोरं होतं दादा. मला डुलकी लागली होती. पण मी मान हलवली, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

भिवाचे जॉब वाया गेले त्या दिवशी माझी शिफ्ट सुटता सुटता मी स्टॉपर हलवला होता. भोसरीच्या जत्रेच्या कुस्त्या होत्या. कुस्तीच्या नादी लागू नको असं तू बजावलंयस म्हणून हे आजवर कळवलं नाही. भोंगा झाला, नट हातानंच आवळला, पाना घेतला नाही, भिवाला सांगितलं नाही, आणि पळालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी तू समजून घेतलं असतंस. पण दौलतरावांनी भिवाला धरायच्या आधी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मशीन कसं सोडलं होतंस?" मी म्हणालो, "एकदम ओके. त्याचंच लक्ष हल्ली मंडपाकडं असतंय." मंडपाचं ते बोलणं दौलतरावांचं नव्हे. मी त्यांच्या हातात दिलं. आदल्याच सुट्टीला मी भिवाच्या घरी जेवलो होतो.

आठ दिवस तो माझ्याच मशीनभोवती झाडत होता. "पाय उचल भावा," म्हणायचा, बाकी काही नाही. नवव्या दिवशी मी दौलतरावांपुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कुस्तीसकट. त्यांनी काय करावं? माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "दोस्तासाठी अंगावर घेतोस? मन मोठं आहे रे तुझं. जा, कामाला लाग."

भिवाला हे सांगितलं, वर म्हणालो, तुझे चाळीस मी भरतो. तो झाडू टेकवून हसला. "बघ खंडू. तू चुकलास तर हत्यार बोथट. कबूल केलंस तर मन मोठं. माझ्या वाट्याला काय, चुरा. पैसं न्हाई, मला मशीन पायजे."

मग दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना मी भोंगा होऊनही हललो नाही. दौलतरावांना हाक मारली. सगळ्यांसमोर नट हातानं आवळला आणि मशीन चालू केलं. पहिला जॉब बरोबर. दहावा बरोबर. पोरं हसायला लागली, "खंड्या, कुस्त्या संपल्या की रं!" चौदाव्याला गेज अडलं. विसाव्याला तर नुसत्या डोळ्यांना दिसायला लागलं. मी म्हणालो, "साहेब, हे हत्यार बोथट नाही आणि माझं मनही मोठं नाही. नट सैल आहे. त्या दिवशी मीच सोडला होता, आणि मंडपाचं खोटं मी बोललो."

भिवाकडं बघायची हिंमत झाली नाही. मंडपाचं त्याला तेव्हाच कळलं.

दौलतरावांनी गेज स्वतः लावून बघितलं. मग म्हणाले, "वय आहे, कुस्त्यांचा नाद असतो." बघ, तेव्हाही माझ्यासाठी सबब तयार! पण भिवाला म्हणाले, "ये, उभा राहा मशीनवर." भिवा आला, पाना घेतला, नट आवळला, पहिला जॉब तपासला.

कापलेले पैसे ऑफिसनं परत केले नाहीत. मी पगारातून चाळीस त्याच्यापुढं धरले. या वेळी घेतले, मोजले, खिशात घातले. म्हणाला, "आईनं विचारलंय, तू जेवायला का येत न्हाईस. तिला मी अजून काय सांगितलं न्हाई." उद्या सुट्टी आहे. मी जाणार आहे. ताटावर बसायच्या आधी तिला मीच सांगणार. मग वाढेल तर वाढेल.

दर महिन्याला साठ येतात, या खेपेला कमी येतील. तू गिरणीत चार माणसांत म्हणशील, पोरगं उधळायला लागलं. म्हण, पण हे पत्र आधी वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव, मग म्हण.

राहिलेला नमस्कार आता करतो. दोघांच्या पायांवर डोकं.

तुझा, भिंगरी नसलेला,
खंडू

मनिऑर्डर केली आहे, वीस रुपये.