टोपी नसलेला पाच

नाना, गाडी उद्या भंगारात चाललीय. अथालच्या शेडमध्ये तुम्ही जिथे लावली होती तिथेच ती आजवर उभी आहे. चारही टायर बसलेत, हौद्यात पालापाचोळा साचलाय, बॉनेटवर कुठल्याशा दसऱ्याचं कुंकू काळं पडून चिकटलंय. भंगारवाला बघून गेला. म्हणाला, "काका, इसमें अब बचा क्या है?" मी म्हटलं, काही नाही बाबा, घेऊन जा. तुम्ही असता तर पाना घेऊन त्याला रस्त्यापर्यंत पळवला असता. मी नाही पळवला. का ते तुम्हाला सांगायचंय, आणि तुमच्यासमोर तोंडाने बोलायला मला अजून जमत नाही, म्हणून आपलं लिहितोय.

सामरवरणीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो, त्याला जन्म गेला. या महिनाअखेरीस मला घरी बसवतायत. शाळेच्या दाखल्याप्रमाणे अठ्ठावन्न पुरी होतात म्हणे. घरी कोण आहे? तुमची सून जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी नाशकाला सासरी. टीव्ही आपणच लावायचा आणि आपणच बंद करायचा. मशीनपाशी निदान कुणीतरी हाक मारतं. आणि गंमत बघा, ज्या दाखल्याने मला घरी बसवलं त्याच्यावरचं साल तुम्हीच सांगितलेलं. तुम्ही माझा हात धरून शाळेत नेताय, चड्डी नवी, केसाला तेल चोपडलेलं. सिल्वासाकडची शाळा, मास्तर गुजराती. विचारतात, "वरस कयुं लखुं?" तुम्ही डोकं खाजवता आणि म्हणता, "गाडी ज्या सालची, पोरगा त्याच सालचा. आमच्या ठेकेदाराने नवीकोरी पिकअप आणली त्याच हप्त्यात हा झाला." मास्तर हसतात, मग गाडी कुठल्या सालची ते विचारतात, आणि तुम्ही छातीठोकपणे एक साल सांगून मोकळे होता. तारीख मास्तरांनी आपल्या मनाने एक जून टाकली. निम्म्या वर्गाची तीच होती.

त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या नव्या डब्यावर ते साल उठवलंत. बाकीच्यांच्या डब्यांवर भांडेवाल्याने घातलेली नावं असायची. तुम्ही लाकडी पेटीतले इंग्रजी नंबरांचे पंच, पोलादी ठसे, काढलेत, डबा ओट्यावर धरलात आणि एकेक आकडा हातोडीने ठोकलात. आई ओरडली, "अहो, भोक पडेल त्याला!" भोक नाही पडलं. दर दसऱ्याला आधी बॉनेटला कुंकू लागायचं आणि मग त्याच बोटाने माझ्या कपाळाला. "तुनी जुळी बहीण शे ही," म्हणायचात. मला एवढं बरं वाटायचं की काय सांगू. पुढे ठेकेदार लाकडाचा धंदा गुंडाळून निघून गेला आणि गाडी तुम्हाला देऊन गेला. तुम्ही गाडीचं नवं आरसी पुस्तक करून घेतलंत. त्यातही साल तुम्ही सांगितलं तेच. म्हणजे शाळेचा दाखला काय आणि गाडीचं पुस्तक काय, दोन्ही कागद एकाच तोंडातून निघालेले. हे माझ्या इतकी वर्षं डोक्यातच आलं नाही.

आलं ते गेल्या साली पावसाळा संपता संपता. आमच्याकडे एक पुण्याचे इंजिनिअर आहेत, तरुण, जुन्या गाड्यांचं वेड. एका रविवारी पिकअप बघायला आले. पुढची जाळी बघितली, दिवे बघितले, आणि म्हणाले, "काका, तुम्ही सांगता त्या सालची ही नाही. ही जाळी नंतरची. दोन-तीन वर्षं तरी पुढची धरा." मी हसलो आणि मग एकदम बसलोच हौद्याच्या फळीवर. गाडी दोन वर्षांनी लहान, तर मी पण दोन वर्षांनी लहान! अजून दोन वर्षं कारखान्यात! ऑफिसातल्या मॅडमकडे धावलो. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "काही पक्का पुरावा आणा काका, मग बघू." उगीच माझं समाधान करत होत्या हे कळत होतं. पण बुडत्या माणसाला ते कळून काय उपयोग? इंजिनिअर म्हणाले, पक्का पुरावा एकच, चासी नंबर. गाडीचा खालचा सांगाडा म्हणजे चासी, त्याच्यावर कंपनी नंबर ठोकते आणि त्या नंबरातच साल असतं. जाळी बदलता येते, दिवे बदलता येतात, तो नंबर बदलत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गाडीखाली. तुमचा ग्रीसचा थर, त्यावर रंग, त्यावर चिखल. डिझेल टाकून, तारेच्या ब्रशने तासभर घासलं तेव्हा आकडे वर आले. इंजिनिअर वाचत होते आणि मधेच थांबले. "काका, हा कंपनीचा ठसा नाही. आकडे वर-खाली आहेत. कुणीतरी हाताने ठोकलेत." मी बॅटरी जवळ नेली. नंबरात दोन पाच होते आणि दोन्ही पाचांना वरची आडवी रेघ नव्हती. टोपी उडालेले पाच. घरी जाऊन डबा काढला. डब्यावरचा पाच अख्खा, टोपीसकट. पंच तोच, पण चासीवर ठोकला तेव्हा मोडलेला होता.

तो मोडला तेव्हा मी सहावीत. तुमच्याबरोबर वेल्डरकाका काम करायचे, तुमच्याच गावचे. ठेकेदाराची नवी पिकअप आणायला तुम्ही दोघंच गेला होतात. माझ्या जन्माच्या वेळी आईला त्याच गाडीत घालून दवाखान्यात त्यांनीच नेलं. पेटीत मोडका पाच सापडला आणि तुम्ही त्यांच्यावर भडकलात. "हत्याराची कदर नाही तुला! वर खोटं बोलतो!" त्यांनी लेकराबाळांच्या शपथा घेतल्या. तुम्ही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ते वळकटी घेऊन धुळ्याच्या एसटीत बसले. पुढच्याच उन्हाळ्यात रांध्याच्या मोरीवर गाडीची चासी तडकली. जुनी चासी कुठूनशी आणून तुम्ही एकट्याने बदललीत, पंधरा दिवस गाडी ठोकळ्यांवर. जाळी, दिवे तेव्हाच बदलले असणार. नंबरही तेव्हाच ठोकलात.

नंबरात साल तेच निघतं, दाखल्यावरचं. पण ते पहिल्या चासीवरून जसंच्या तसं उतरवलंत, की मला जे सांगून बसला होतात त्याला जुळवून घेतलंत? सांगा ना! पहिली चासी कधीच वितळली असेल. आई गेली, तुम्ही गेलात. इंजिनिअर खाली मान घालून म्हणाले, "याला पुरावा म्हणून काही किंमत नाही, काका." राग आला नाना, तुमचा इतका राग आला की गाडीच्या दाराला लाथ घातली. मी कधी जन्मलो एवढी एकच गोष्ट या जगात त्या गाडीला माहीत होती आणि तुम्ही तिलाही गप्प केलंत. आता मी किती वर्षांचा हे मरेपर्यंत मला कळणार नाही. महिनाअखेरीस हार घालतील, नारळ देतील, आणि मी कुणाच्या तरी वयाचा होऊन घरी येईन.

शेवटची आशा वेल्डरकाकांची होती. त्यांना ठाऊक असणार. ओळखीओळखीने गावातला फोन मिळवला. मुलाने उचलला. म्हणाला, बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मी सिल्वासाहून, नानांचा मुलगा बोलतोय म्हटल्यावर म्हणाला, "तुमच्या नानांचं नाव निघालं की बाबा एकच सांगायचे, त्या पंचाला मी हात लावला नव्हता." मी ठेवतो म्हटलं आणि फोन ठेवला. त्याला काय सांगणार होतो?

हा कागद घडी करून डब्यात ठेवतोय, तुम्हाला पोचवायची सोय नाही. पोचवायची असती तरी मी पाठवला असता की नाही, शंकाच आहे. सहावीत मी वर्गात पाचवा आलो होतो, नाना. तुम्हाला दाखवायला म्हणून कानशीवर पाच उठवायला गेलो. कानस कडक पोलादाची, पहिल्याच ठोक्याला पंचावरच्या पाचाची टोपी उडाली. पंच मी पुसून पेटीत ठेवला, आणि काका शपथा घेत होते तेव्हा मी तिथेच, गाडीच्या हौद्यात बसलो होतो.