साहेबासमोर सीताफळ

बाबा, तुमच्या त्या कस्टर्डची मला अजून किळस येते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुकानात तो पिवळ्या पावडरीचा डबा दिसला की मी तोंड फिरवतो. कोणी साहेब घरी येणार असला की तुम्ही इस्त्रीचा पायजमा घालून एसटीनं यवतमाळला जायचे आणि पाकातल्या फळांचा डबा आणायचे. सगळे तुकडे एकाच मापाचे आणि एकाच चवीचे. पपई कोणती, अननस कोणतं, ते खाणाऱ्याला कळू नये. माय चुलीवर ती पावडर दुधात ढवळायची, तिच्या गाठी व्हायच्या, आणि त्या गाठींसाठी तुम्ही मायला बोलायचे. डब्यात एखाद-दुसरी लाल चेरी निघायची, सदऱ्याच्या गुंडीएवढी. ती तुम्ही स्वतःच्या बोटानं साहेबाच्या वाटीत ठेवायचे, जसं काही कपाळावर कुंकू लावताय. नंतर रिकामा डबा धुऊन, त्याचं लेबल पुढं करून, ओसरीवरच्या फळीवर मांडायचे. आणि त्याच दिवसांत आपल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, सीताफळं पिकून फुटत होती आणि पाखरं ती खात होती.

मायच्या हातचं सीताफळ-दूध तुम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. चुलीपाशी बसून तुम्ही ते मागून मागून खायचे. करायला काहीच अवघड नव्हतं. दूध आटवायचं, पुरतं गार होऊ द्यायचं आणि मगच त्यात गर सोडायचा. गरम दुधात टाकला तर दूध नासतं. साखर नाहीच. वरून जंगलातली चारोळी. बिया ती काढत नसे. चाळणीवर घासलं की गराचा लगदा होतो म्हणायची, बीभोवती राहिला तरच तो तोंडात सुटतो. लेकराला, बाळंतिणीला, आजाऱ्याला, कोणालाही चालावं असं ते पोटभरीचं गोड. देव्हाऱ्यापुढं नैवेद्याला तुम्ही हीच वाटी ठेवायचे. देवाला चालायची, साहेबाला चालत नव्हती. मी रोज सांजेला दिवा लावणारा माणूस आहे, बाबा. पण तुमच्या लेखी देव कितव्या पाटावर बसत होता, ते मला आजवर उमगलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यानंतरची ती दुपार. कुठल्याशा खात्याचे साहेब ओसरीवर खुर्चीत बसलेत. या खेपेला तुम्हाला डबा मिळालेला नाही, म्हणून मायनं आपल्या मनानं सीताफळाच्या वाट्या भरल्यात. तुमच्या त्या पितळी तबकात मांडून ती दारापर्यंत येते. धुवट लुगडं, डोईवर पदर, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला थोडासा तोरा. तुम्ही झटकन उठता आणि तिला दारातच अडवता. "साहेबाले बिया थुकाले लावतं काय? ने आत!" तुम्हाला वाटलं तुम्ही हळू बोललात. साहेबांनी ऐकलं आणि ते हसले. तुम्हीही हसलात, त्यांच्यासोबत. माय तशीच मागं फिरली आणि तिनं त्या वाट्या मागच्या दारानं कापूस वेचायला आलेल्या बायांना दिल्या. त्या दिवसानंतर तिनं पाहुण्यासमोर आपल्या हातचं गोड कधी ठेवलं नाही. तुम्ही गेल्यावरसुद्धा नाही. तुमच्या मयताला त्या साहेबांतला एकही आला नव्हता, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो. त्या बाया आल्या होत्या.

यंदा तुमची नात यवतमाळला बँकेत लागली. तिच्या मॅडम आणि सोबत काम करणारी दोन पोरं रविवारी शेत पाहायला येणार होती. मी मायला म्हटलं, सीताफळाच्या वाट्या कर.

"काहून? बेइज्जती करतं काय घराची? साहेब लोक येऊन राह्यले. पावडरीचा डबा आण."

"तो डबा मी घरात येऊ देत नसतो, माय."

"तुह्या बापाले आवडलं नसतं."

"बाप दोन-दोन वाट्या खात होता."

"चुलीपाशी खात होता. वसरीवर नाही." मग ती पदरानं हात पुसत राहिली. "कोणी हासलं त? आता मले नाही सोसत रे बापू."

तरी तिनं केलं. माझ्यासाठी नाही, नातीनं गळ घातली म्हणून.

पाहुणे आले. तुमच्या साहेबांहून हे काही निराळे नाहीत, फक्त फोन मोठे. एकानं खायच्या आधी वाटीचे फोटो काढले, वाटी इकडून तिकडून फिरवून. दुसऱ्यानं विचारलं, "आजी, यात शुगर नाही ना?" माय दाराआडून म्हणाली, "शुगर मले हाये बाबू, तू खा." मग सगळ्यांनी पहिला चमचा तोंडात घातला. मॅडमच्या गालात बी. त्या इकडं बघतात, तिकडं बघतात, रुमाल शोधतात. ती दोन पोरंही गाल फुगवून तशीच बसलेली. शिकलेली माणसं, पण तोंडातली बी कुठं टाकावी हे कोणी विचारीना. मी मायकडं पाहिलं. त्या दुपारी वाट्या घेऊन मागं फिरताना होता तसा तिचा चेहरा झाला होता. ती आत गेली, आणि मला वाटलं संपलं, आता ही काही बाहेर येत नाही.

ती बाहेर आली ती तुमचं पितळी तबक घेऊन. खाणकन मधोमध ठेवलं.

"थुका न व मॅडम. बियाच हायेत, सोनं नाही. गिळता काय?"

मॅडमनी थुकली. टण्ण. मग पोरांनी. मग नातीनं, मग मी. हसले सगळेच, पण ते हसणं निराळं होतं. तुमच्या तबकात बिया वाजत राहिल्या आणि माय रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. ओसरीवर, पाहुण्यांच्या बरोबरीनं. "घ्या अजून," म्हणाली, "चुलीपाशी भरून हाये."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. एक मात्र सांगून टाकतो. हंगामाची पहिली वाटी ओसरीवरच्या तुमच्या फोटोपुढं ठेवायची, हा घरचा रिवाज आहे. त्या रविवारीही ठेवली. पण तुमच्या वाटीतल्या बिया मी आधीच काढून टाकल्या होत्या, मायच्या नकळत, एकेक करून. म्हटलं, तुम्ही पुन्हा तिला बोलाल.